कळा थांबवणारी औषधे: नेमके काय मोजले?
दिवस भरण्याआधी सुरू झालेल्या कळा औषधाने थांबवण्याच्या प्रयत्नांना साठेक वर्षे झाली, आणि त्यातला बराच काळ भलतीच गोष्ट मोजण्यात गेला. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत शिरेतून चक्क अल्कोहोल देत. उलट्या करणाऱ्या, झिंगलेल्या बाईला सांभाळणे नर्सच्या वाट्याला येई. 1980 मध्ये तिथे रिटोड्रिनला मान्यता मिळाली. मॅग्नेशियम सल्फेट आणि टर्ब्युटालिनही वॉर्डात रुळले. कसोटी एकच: बाळंतपण किती लांबले? कॅनडातल्या 708 स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष 1992 मध्ये आले, तेव्हा दिसले की रिटोड्रिनने प्रसूती थोडी पुढे जाते, पण बाळांचे मृत्यू कमी होत नाहीत. आईला मात्र धडधड, क्वचित फुप्फुसात पाणी. ‘औषध दिले आणि कळा थांबल्या’ हा अनुभव खोटा नसतो. पण नुसते दिखाऊ औषध मिळालेल्या कितीतरी जणींच्याही कळा आपोआप ओसरतात. तरी आपल्याकडे आयसॉक्सुप्रिनच्या गोळ्या आठवडेच्या आठवडे लिहून दिल्या जातात, हे विशेष.

मग ही औषधे टाकूनच द्यावीत? नाही. 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवले की प्रसूतीआधी आईला स्टेरॉइड दिल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा श्वास सावरतो. आपल्याकडे डेक्सामेथासोनचे 6 मिलिग्रॅमचे चार डोस बारा-बारा तासांनी देतात. तेवढा अवधी मिळवून देणे हेच कळा थांबवणाऱ्या औषधाचे खरे काम. पण स्टेरॉइडही एकटे पुरत नाही. नागपूर आणि बेळगावचा सहभाग असलेल्या 2015 च्या सहा देशांतील अभ्यासात गावपातळीवर त्याचा वापर वाढवला, तेव्हा एकूण नवजात मृत्यू घटण्याऐवजी वाढले. उलट 2020 मध्ये, भारतासह पाच देशांतल्या सुसज्ज रुग्णालयांत, स्टेरॉइडने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे मृत्यू 23.5 टक्क्यांवरून 19.6 वर आले. फरक बाळ कुठे जन्मले याचा होता. 2025 मधल्या युरोपीय चाचणीत कळा थांबवणाऱ्या अटोसिबानचा बाळांना फायदा दिसला नाही, हा आक्षेप वजनदार आहे. पण तिथल्या बायका आधीच मोठ्या रुग्णालयात होत्या. मेळघाटातून अमरावती गाठायची असेल तर त्या तासांचा हिशेब वेगळा. कळा थांबवायला निफेडिपिन देण्याआधी सिस्टर रक्तदाब पाहतेच; त्याच कागदावर स्टेरॉइडचा पहिला डोस किती वाजता दिला आणि 108 रुग्णवाहिका किती वाजता निघाली, हेही ठळक लिहिलेले हवे.