व्हिडिओ संपादनासाठी संगणकाची जुळणी : चित्रणाचे स्वरूप आणि खर्चाची विभागणी

प्रस्तावना :
व्हिडिओ संपादनाचे काम एकेकाळी मोठ्या स्टुडिओंपुरते मर्यादित होते. आज तालुक्याच्या गावी विवाहसमारंभांचे चित्रण करणारा व्यावसायिक किंवा एखाद्या महाविद्यालयाचा जनसंज्ञापन विभागही ते स्वतःच्या संगणकावर करतो. सुटे भाग घेऊन संगणक जुळविल्यास प्रत्येक भाग कामाच्या गरजेनुसार निवडता येतो व पुढे बदलताही येतो. तथापि ही निवड बहुधा सर्वांत महाग ग्राफिक्स कार्डापासून सुरू होते आणि उरलेल्या रकमेत बाकीचे भाग बसविले जातात. हा क्रम उलटा आहे. कॅमेरा चित्रण कोणत्या स्वरूपात नोंदवितो, हा पहिला प्रश्न होय. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने भागांच्या निवडीचा विचार केला आहे.

चित्रणाचे स्वरूप व प्रोसेसर :
३८४० × २१६० बिंदूंचे, सेकंदाला २५ चौकटींचे साधे ८-बिट चित्रण कोणतेही संकोचन न करता साठविले, तर त्याला दर सेकंदाला सुमारे ३११ मेगाबाइट जागा लागेल. कॅमेरा ते संकोचन करून १०० मेगाबिट, म्हणजे १२.५ मेगाबाइटमध्ये बसवितो. इतक्या वेगाने माहिती वाचणे साध्या हार्ड डिस्कलाही जड नाही. मग संपादन करताना चित्र अडखळते ते का?

याचे उत्तर संकोचनाच्या पद्धतीत आहे. २००३ मध्ये मान्य झालेले एच.२६४ आणि २०१३ मधील एच.२६५ या मानकांत थोड्याच चौकटी पूर्ण साठविल्या जातात; बाकीच्यांत केवळ आजूबाजूच्या चौकटींहून असलेला फरक नोंदविला जातो. चित्रपट सरळ पाहणाऱ्याला याने काही अडचण होत नाही. संपादक मात्र सतत मागेपुढे जातो, आणि मधली एक चौकट दाखविण्यासाठी संगणकाला आधीच्या अनेक चौकटी उलगडाव्या लागतात. दोन-तीन कॅमेऱ्यांचे चित्रण एकाच वेळी पाहायचे असल्यास हा भार त्याच पटीत वाढतो.

हे उलगडण्यासाठी प्रोसेसरमध्ये व ग्राफिक्स कार्डात स्वतंत्र मंडल असते. इंटेलने २०११ पासून आपल्या प्रोसेसरमधील अंतर्गत ग्राफिक्समध्ये ते 'क्विक सिंक' या नावाने दिले. परंतु असे प्रत्येक मंडल प्रत्येक स्वरूप उलगडू शकत नाही. रंगांची अधिक माहिती राखणारे ४:२:२, १०-बिट एच.२६५ चित्रण इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनचे अंतर्गत ग्राफिक्स उलगडते. एनव्हीडियाच्या कार्डांत ही सोय २०२५ मधील आरटीएक्स ५० मालिकेपासून आली. म्हणजेच अशा चित्रणाकरिता त्याआधीचे महागडे कार्डही या एका कामात मध्यम किमतीच्या प्रोसेसरच्या मागे पडते. येथे एक सूचना आवश्यक आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते, त्यांत अंतर्गत ग्राफिक्स नसते. ते थोडे स्वस्त मिळतात. संपादनासाठी ही बचत महागात पडू शकते.

नवा संगणक घेणे शक्य नसेल तर प्रॉक्सीचा मार्ग आहे. मूळ चित्रणाच्या कमी आकाराच्या, प्रत्येक चौकट पूर्ण असलेल्या प्रती तयार करून त्यांवर काम करावयाचे आणि अंतिम निर्मिती मूळ चित्रणावरून करावयाची. प्रीमियर, दाविंची रिझॉल्व्ह व केडेनलाइव्ह या तिन्हींत ही सोय आहे.

इतर भाग :
रंगसंस्कार, चित्रातील कणीदारपणा घालविणे व विशेष परिणाम ही ग्राफिक्स कार्डाची खरी कामे होत. ती थोडी असतील तर मध्यम कार्ड पुरते. या आकाराच्या चित्रणासाठी ३२ गिगाबाइट रॅम असावी. ती एका पट्टीऐवजी १६ गिगाबाइटच्या दोन पट्ट्यांत घेतल्यास मेमरीचे दोन्ही मार्ग वापरले जातात. कार्यप्रणाली व चालू प्रकल्प एसएसडीवर आणि पूर्ण झालेले काम हार्ड डिस्कवर ठेवणे परवडते. अंतिम निर्मिती तासन्‌तास चालते, म्हणून कॅबिनेटमधील हवा खेळती असावी.

वीजपुरवठा व साठवण :
पॉवर सप्लाय आणि यूपीएस या बाबींवर सर्वांत आधी काटछाट होते, हे खेदजनक आहे. चौकोनी लहरीचा स्वस्त यूपीएस काही आधुनिक पॉवर सप्लायशी जुळत नाही. वीज जाताच संगणक बंद पडतो आणि यूपीएस असूनही नसल्यासारखा होतो. प्रकल्पाची फाइल बिघडली तर ती पुन्हा करता येते, विवाहसोहळ्याचे चित्रण पुन्हा करता येत नाही. दोन डिस्कवर एकच माहिती ठेवणारी रेड-१ ही रचना डिस्क बिघडल्यास उपयोगी पडते; चुकून फाइल पुसली गेल्यास ती दोन्ही ठिकाणांहून जाते. त्यामुळे एक प्रत संगणकाबाहेरच्या डिस्कवर व आणखी एक दुसऱ्या जागी ठेवावी लागते. वरील वेगाने तासाला ४५ गिगाबाइट चित्रण होते. दहा तासांच्या चित्रणाला मूळ व दोन प्रती मिळून १,३५० गिगाबाइट जागा लागेल, आणि तिचा खर्च ग्राफिक्स कार्डाच्या आधी अंदाजपत्रकात धरावा लागेल.