दिवा नेमका कुठे विझला?

घरातले दिवे अचानक गेले की आपण पहिल्यांदा काय करतो? गॅलरीत जाऊन शेजाऱ्यांकडे दिवे आहेत का, ते पाहतो. असले, तर मीटरपाशी जाऊन फ्यूज उडाला आहे का ते बघतो. मग खोलीतलं बटण आणि सगळ्यात शेवटी बल्ब. संकेतस्थळ बंद पडलं की मात्र आम्ही संगणकवाले थेट बल्बच खोलायला बसतो. मीही बसलो होतो, आणि त्याचा भुर्दंड भलत्यांनाच पडला. आज तीच गोष्ट सांगणार आहे.

एका तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयासाठी मी प्रवेश अर्ज भरण्याचा ऑनलाइन प्रोग्राम लिहिला होता. माझ्या लॅपटॉपवर तो पंधरा दिवस झकास चालत होता. अर्ज सुरू व्हायच्या आदल्या रात्री तो सर्व्हरवर, म्हणजे सदैव चालू राहणाऱ्या दूरच्या संगणकावर चढवला, पत्ता उघडला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ५०२, बॅड गेटवे.

याचा अर्थ समजून घ्यायचा तर सरकारी दवाखान्यातली केसपेपरची खिडकी आठवा. आपण थेट डॉक्टरांकडे जात नाही. खिडकीवरचा माणूस नाव विचारतो, कागद आत पाठवतो, आतलं उत्तर आपल्याला देतो. सर्व्हरवर हे खिडकीचं काम करणाऱ्या प्रोग्रामला वेब सर्व्हर म्हणतात. १९९५ साली आलेला अपाचे आणि रशियाच्या इगोर सिसोएव यांनी २००४ साली खुला केलेला एन्जिनएक्स हे त्यातले दोन नावाजलेले. मी एन्जिनएक्स वापरला होता. माझा प्रवेशाचा प्रोग्राम म्हणजे आतला डॉक्टर. ५०२ म्हणजे खिडकीवरचा माणूस सांगतो आहे, ‘मी जागेवर आहे, पण आतून नीट उत्तर मिळत नाही.’ ५०४ आला असता तर अर्थ असा, की आत निरोप गेला, पण उत्तर वेळेत आलं नाही.

एवढ्यावरूनच मला बरंच कळायला हवं होतं. पडद्यावर ५०२ दिसतो आहे, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सापडतो आहे, त्याचं दार उघडं आहे, खिडकीवर माणूसही बसलेला आहे. बिघाड फक्त खिडकी आणि डॉक्टर यांच्यामध्ये आहे. पण मी घाबरलो होतो. सगळं पुसून पुन्हा बसवलं, सर्व्हर चार वेळा बंद-चालू केला. रात्रीचे दोन वाजले. आकडा हलेना.

शेवटी जे पहिल्यांदा करायचं ते केलं. प्रत्येक वेब सर्व्हर स्वतःची नोंदवही ठेवतो, इंग्रजीत तिला लॉग म्हणतात. ती उघडली. कारण एका ओळीत लिहिलं होतं: १३, परवानगी नाही. तिथे १११ असतं, तर डॉक्टर खोलीतच नाहीत, म्हणजे प्रोग्राम चालू नाही, असा अर्थ झाला असता. २ असतं, तर त्या पत्त्यावर खोलीच नाही. पण १३ म्हणजे खोली आहे, मात्र वाटेतलं एखादं दार बंद आहे.

दार कुठलं? खिडकी आणि प्रोग्राम यांची गाठ जिथे पडते, ती जागा मी माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. उबुंटू या प्रणालीत २०२१ सालच्या २१.०४ या आवृत्तीपासून नव्या माणसाचं असं खाजगी फोल्डर इतरांना बंद असतं. वेब सर्व्हर वेगळ्या नावाने काम करतो, त्यामुळे तो उंबऱ्याशीच अडला. लॅपटॉपवर मधली खिडकीच नव्हती, म्हणून तिथे हे कधी दिसलं नाही. अशा वेळी सगळ्या फाइली सगळ्यांना मोकळ्या करून टाकायचा मोह होतो. तो टाळावा, नाहीतर एका दाराची किल्ली हरवली म्हणून घराच्या भिंतीच पाडल्यासारखं होतं. मी गाठीची जागा तेवढी सामाईक ठिकाणी हलवली, एन्जिनएक्सला मांडणीतल्या चुका आधी तपासायला लावल्या आणि मगच नवी मांडणी लागू केली. पान उघडलं. मी झोपलो.

खरी चूक पुढे आहे. तिसऱ्या दिवशी, शेवटच्या तारखेला, दुपारी प्राचार्यांचा फोन आला. काही मुलांचे अर्ज जात नव्हते. एक वडील तर मुलीला घेऊन एसटीने महाविद्यालयात आले होते. मी प्रोग्रामची नोंदवही पाहिली, तक्रार एकही नाही. ‘सर, आमच्याकडे सगळं ठीक आहे, त्यांचं नेटवर्क कमजोर असेल,’ असं मी सांगून मोकळा झालो.

फोन ठेवल्यावर मनाला लागलं. या वेळी आधी खिडकीची नोंदवही उघडली. तिथे तीन दिवसांत ओळीने एकच आकडा होता: ४१३. पाठवलेला ऐवज फार मोठा. एन्जिनएक्सला वेगळं काही सांगितलं नाही, तर तो १ मेगाबाइटपेक्षा मोठा मजकूर आत सोडत नाही. मी चाचणीला छोटी छायाचित्रं वापरली होती. मुलं गुणपत्रिकेचे मोबाइलने काढलेले फोटो पाठवत होती, ते तीन-चार मेगाबाइटचे. अर्ज खिडकीवरूनच परत जात होते, डॉक्टरांपर्यंत पोचतच नव्हते, मग डॉक्टरांच्या वहीत तक्रार येणार कुठून?

मर्यादा वाढवायला एक ओळ पुरली. पण परत गेलेल्यांची नावं त्या वहीत नव्हती, फक्त वेळा आणि संगणकांचे क्रमांक. मी प्राचार्यांना फोन करून चूक माझी असल्याचं सांगितलं. त्यांनी मुदत दोन दिवसांनी वाढवली आणि गावोगावच्या शाळांना निरोप धाडले. ती मुलगी त्याच संध्याकाळी अर्ज भरून गेली. ज्यांनी कंटाळून नाद सोडला असेल, त्यांची गणती मला कधीच करता येणार नाही.

आपण अर्ज भरणाऱ्यांनीही एवढं लक्षात ठेवावं. आकडा पाचशेच्या घरातला असेल, तर बिघाड बहुधा त्यांच्याकडे आहे. चारशेच्या घरातला असेल, तर आपण पाठवलेल्यात काहीतरी त्यांना चाललेलं नाही. पत्ता चुकला की ४०४, फोटो मोठा झाला की ४१३. दोन्ही वेळी आकडा आणि घड्याळातली वेळ टिपून ठेवा आणि तक्रार करताना ती सांगा. त्या वेळेवरून नोंदवहीतली नेमकी ओळ सापडते. आणि पलीकडचा माणूस ‘आमच्याकडे सगळं ठीक आहे’ म्हणाला, तर त्याला नम्रपणे विचारा, ‘साहेब, खिडकीची वही पाहिलीत का?’