संगणकाच्या गाभाऱ्यांतील सेवक

घरीं नवा प्रिंटर आला म्हणजे त्याच्याबरोबर एक लहानशी आज्ञावलीही संगणकांत शिरते. तिला ड्रायव्हर म्हणतात. प्रिंटर चारदोन वर्षांनीं बिघडतो, भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतो आणि विसरला जातो. ही आज्ञावली मात्र पुष्कळदां तशीच मागें राहते. तिची आठवण घरांत कोणालाही नसते. तथापि ती ज्या जागीं बसलेली असते, तेथें घरच्या मालकाचाही हात सहसा पोंचत नाहीं. ही जागा कोणती, आणि तेथील एका बेसावध सेवकामुळें सारा संगणक परक्याच्या ताब्यांत कसा जाऊं शकतो, हें समजून घेण्यासारखें आहे.

देवळांत सभामंडप असतो आणि गाभारा असतो. सभामंडपांत कोणीही यावें, बसावें, भजन करावें. गाभाऱ्यांत मात्र पुजाऱ्यानेंच जावें, अशी वहिवाट. संगणकाची व्यवस्था बरीचशी अशीच आहे. पत्रें लिहिण्याच्या, चित्रें पाहण्याच्या, हिशेब ठेवण्याच्या सर्व आज्ञावल्या सभामंडपांत वावरतात. स्मृतीचा कोणता भाग कोणास द्यावयाचा, डिस्कवर कोणीं लिहावयाचें, कोणतें काम थांबवावयाचें, हें ठरविणारा भाग आंत असतो. त्याला इंग्रजींत कर्नेल म्हणतात. मराठींत गाभा हें नांव त्यास शोभतें. ही मर्यादा केवळ संकेताची नव्हे. ती प्रोसेसरच्या घडणींतच आहे. इंटेल कंपनीच्या १९८५ सालच्या ८०३८६ या प्रोसेसरांत शून्य ते तीन अशा चार पायऱ्या होत्या. शून्य पायरीस सर्वाधिकार, तिसरीस सर्वांत कमी. विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणालींनीं मधल्या दोन पायऱ्या वापरल्याच नाहींत. त्यामुळें मधला ओटा असा उरला नाहीं. एक तर मनुष्य बाहेर, नाहीं तर थेट मूर्तीपाशीं.

मग प्रिंटरसारख्या किरकोळ उपकरणाच्या आज्ञावलीला आंत घ्यावें तरी कां? पडदा, कळफलक, ध्वनि, वायफाय, प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी. त्या सर्व भाषा गाभ्याच्या कर्त्यांना येणें शक्य नाहीं. म्हणून उपकरण बनविणारा कारखाना आपला दुभाष्या पाठवितो. तो बाहेर उभा राहिल्यास प्रत्येक निरोपाला आंतबाहेर खेपा पडून वेळ जातो, या कारणास्तव त्याला आंतच जागा मिळते. हें योग्य कीं अयोग्य, यावर १९९२ सालीं हॉलंडमधील प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम आणि लिनक्सचा तरुण कर्ता लायनस टॉरव्हल्ड्स यांचा जाहीर वाद झाला. गाभा अगदीं लहान ठेवावा, बाकीचीं कामें बाहेर काढावींत, असें टॅनेनबॉम यांचें म्हणणें होतें. वाद गाजला, परंतु घरोघरीं पोंचलेल्या प्रणालींत बहुतेक ड्रायव्हर आंतच राहिले. पुढें २००१ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधकांनीं लिनक्सची छाननी केली, तेव्हां कांहीं प्रकारच्या चुका ड्रायव्हरांमध्यें इतर भागांपेक्षां तिपटीपासून सातपटीपर्यंत अधिक आढळल्या. यांत नवल नाहीं. गाभा लिहिणारे वर्षानुवर्षें तेंच काम करतात. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला यंत्र बाजारांत जाण्याची तारीख गांठावयाची असते.

या दुभाष्याचा व्यवहार चिठ्ठ्यांवर चालतो. बाहेरची आज्ञावली चिठ्ठी पाठविते: अमुक काम करावें, त्यासाठीं हा मजकूर, त्याची लांबी इतकी. चिठ्ठी कोणाची, त्याला तें काम सांगण्याचा अधिकार आहे काय, लांबी खरी आहे काय, हें सर्व ड्रायव्हरनें पाहिलें पाहिजे. त्यांतील एक जरी गोष्ट पाहावयाची राहिली, तरी काम बाहेरच्याचें आणि हात आंतल्याचा, अशी स्थिति होते. परडींत काय आहे हें न पाहतां ती देवापुढें नेऊन ठेवणाऱ्या पुजाऱ्यासारखेंच हें आहे. अशा रीतीनें तिसऱ्या पायरीवरचा मनुष्य शून्य पायरीवर चढतो.

२०२१ च्या जुलैंत सेंटिनेलवन या कंपनीच्या संशोधकांनीं असाच एक दोष प्रसिद्ध केला. एच्‌पी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांच्या कित्येक प्रिंटरांबरोबर येणाऱ्या एका ड्रायव्हरांत तो २००५ पासून होता. म्हणजे सोळा वर्षें तो कोणाच्या ध्यानींमनीं नव्हता. दोष अगदीं साधा. हा ड्रायव्हर चिठ्ठींतील मजकूर आपल्या पाटीवर उतरून घेई. पण किती उतरावयाचा, हेंही त्या चिठ्ठीलाच विचारी! पांच ओळींच्या पाटीवर वीस ओळी लिहूं गेल्यास पंधरा ओळी खालच्या फरशीवर जातात, आणि गाभ्यांत त्या फरशीवर दुसऱ्याच कोणाच्या तरी महत्त्वाच्या नोंदी असतात. बाहेरच्यानें मजकूर हिशेबानें जुळविला, तर त्या नोंदींच्या जागीं त्याची इच्छा लिहिली जाते. प्रिंटर जोडलेला नसला, तरी संगणक सुरू होतांच हा ड्रायव्हर आपल्या जागीं हजर होई. त्याच्या पोटांत ‘हें वाक्य ड्रायव्हरकडून आलें आहे’ अशा अर्थाचें एक वाक्यही सांपडलें. शिकाऊंसाठीं मायक्रोसॉफ्टनें दिलेल्या नमुन्यावरून हें काम उतरून काढल्याची ती खूण होती. मूळ नमुन्यांत मात्र हा दोष नव्हता.

असला दोष वापरण्यास हल्लेखोर आधींच संगणकांत शिरलेला असावा लागतो. म्हणून कित्येकजण त्यास गौण समजतात. ही समजूत चुकीची आहे. मुलानें एखादी फसवी फाइल उघडली, तर तिचा उपद्रव एरवीं त्या मुलाच्या खात्यापुरता राहतो. गाभाऱ्यांत पाय ठेवतांच सर्वांचीं कागदपत्रें तिला खुलीं होतात, आणि पहारा करणाऱ्या आज्ञावलीचे डोळेही बांधतां येतात.

यावर उपाय म्हणून सहीची पद्धत निघाली. व्हिस्टापासून ६४ बिटांच्या विंडोजनें सही नसलेल्या ड्रायव्हरला आंत घेण्याचें नाकारलें, आणि २०१६ पासून नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची स्वतःची सही लागूं लागली. परंतु सहीनें माणूस कोण तें कळतें. तो सावध आहे कीं नाहीं, तें कळत नाहीं. डेल कंपनीचा एक ड्रायव्हर २००९ पासून तिच्या संगणकांबरोबर जात होता. त्यांतील पांच दोष २०२१ च्या मेंत जाहीर झाले, व कंपनीनें दुरुस्तीही दिली. त्याच वर्षाच्या शरदृतूंत, उत्तर कोरियाशीं संबंध असल्याचें मानलें जाणाऱ्या लॅझरस टोळीनें नेदरलंड्समधील एका विमान-अंतराळ कंपनीचा नोकर आणि बेल्जममधील एक राजकीय पत्रकार यांना नोकरीच्या संधीचीं खोटीं पत्रें पाठविलीं. संगणकांत शिरकाव होतांच टोळीनें डेलचा तो जुना, सदोष, पण रीतसर सही असलेला ड्रायव्हर आपल्याबरोबर आणून बसविला, आणि त्याच्या हातून विंडोजच्या देखरेखीच्या सात व्यवस्था बंद पाडल्या. ईसेट या कंपनीनें हा प्रकार २०२२ मध्यें उजेडांत आणला. येथें संगणक डेलचा असण्याचीही गरज नव्हती. चोर आपला पुजारी बरोबर घेऊन आला होता.

अशी सही एकदम रद्द करावी, तर प्रामाणिकपणें तोच ड्रायव्हर वापरणाऱ्यांचीं यंत्रें अडतात. म्हणून मायक्रोसॉफ्ट सदोष ड्रायव्हरांची एक बहिष्कारयादी ठेवते. विंडोज ११ मध्यें २०२२ पासून ती आपोआप लागूं होते. विंडोज १० च्या कित्येक संगणकांना मात्र ती दीर्घकाळ ताजी मिळतच नव्हती, असें त्याच वर्षीं उघड झालें. खिशांतल्या फोनची कथा निराळी नाहीं. माली या चित्रयंत्राच्या ड्रायव्हरांतील दोष त्याच्या कर्त्या आर्म कंपनीनें २०२२ च्या जुलै-ऑगस्टांत दुरुस्त केले. पण ती दुरुस्ती पिक्सेल, सॅमसंग, शाओमी, ओप्पो अशा फोनांपर्यंत पोंचली नसल्याचें गूगलच्याच संशोधकांना नोव्हेंबरांत सांगावें लागलें.

घरच्या संगणकावर ही यादी चालू आहे कीं नाहीं, हें विंडोज सिक्युरिटीमधील कोअर आयसोलेशन या पानावर पाहतां येतें. भंगारांत गेलेल्या प्रिंटराची आज्ञावली सेटिंग्जमधील स्थापित ॲप्सच्या यादींत बहुधा त्याच्या कंपनीच्या नांवानें सांपडते, आणि तेथूनच ती काढून टाकतां येते.