गाव मिटवतं, पण कोणाच्या बाजूने?

तुरुंग आणि पोलीस यांच्याशिवाय माणसं सुरक्षित राहू शकतील का, हा प्रश्न २०२० मध्ये जगभर चर्चेत आला. मिनिआपोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा एका पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, त्यानंतरची ही गोष्ट. प्रश्न मात्र जुना आहे. नॉर्वेचे थॉमस मॅथिसन यांनी १९७४ मध्ये, तर अमेरिकेच्या अँजेला डेव्हिस यांनी २००३ मध्ये त्यावर पुस्तकं लिहिली. आपल्याकडे हा विषय काढला की साधारण दोन उत्तरं येतात. एक, ‘मग काय, चोर-दरोडेखोर मोकाट सोडायचे?’ दुसरं, ‘पूर्वी गावात पोलीस लागायचेच कुठे, सगळं गावातच मिटायचं.’ भंडारा जिल्ह्यात राहून या दोन्ही उत्तरांवर विश्वास ठेवणं अवघड आहे.

पहिल्या उत्तरात गृहीत धरलेलं असतं की आत असलेला प्रत्येक जण गुन्हेगार आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे शंभरातले पंचाहत्तरहून अधिक जण अजून दोषी ठरलेलेच नव्हते. तुरुंगांत क्षमतेच्या १३१ टक्के गर्दी होती. दलित, आदिवासी आणि मुस्लिमांचं तुरुंगातलं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त असतं, हेही वर्षानुवर्षं दिसतं. कच्च्या कैद्यांतले कित्येक जण जामीन मंजूर होऊनही आत राहतात, कारण जामीनदार मिळत नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याने सॉल्व्हन्सी कुठून आणायची? रोवणीच्या दिवसांत आत गेलेल्या मजुराच्या घरची त्या हंगामाची मजुरी बुडते, आणि खटल्यातून तो निर्दोष सुटला तरी ती कोणी भरून देत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच आरोपी झालेल्या माणसाने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडायला हवं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. हा नियम जुन्या प्रकरणांनाही लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. तुरुंग रिकामे करण्याची सुरुवात इथून होऊ शकते. त्याने एकही दरोडेखोर मोकाट सुटत नाही.

जात तुरुंगाच्या भिंतीपाशी थांबत नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक जमातींवर ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण तुरुंगाच्या नियमपुस्तिकांत जात शिल्लक राहिली. कोणी झाडायचं, कोणी रांधायचं, हे जातीवर ठरत होतं. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी हे नियम घटनाबाह्य ठरवले. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी.

आता गावाकडे वळू. ‘पोलीस वाढवले असते तर खैरलांजी घडलं नसतं’ असं काही जण म्हणतात. मोहाडी तालुक्यातल्या या गावात काय घडलं, ते तारखांसह आठवायला हवं. ३ सप्टेंबर २००६ रोजी जवळच्या धुसाळा गावच्या पोलीस पाटलांना मारहाण झाली. खैरलांजीतल्या भोतमांगे या दलित कुटुंबातल्या आई आणि मुलीने मारणाऱ्यांची नावं पोलिसांना सांगितली. २९ सप्टेंबरला आरोपींना अटक झाली, त्याच दिवशी ते जामिनावर सुटले, आणि त्याच संध्याकाळी जमावाने आई, मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना ठार मारलं. आंधळगावचं पोलीस ठाणं होतं, तक्रार होती, साक्ष होती. पुढे कसूर केल्याबद्दल पोलीस निलंबित झाले, शवविच्छेदनातल्या हलगर्जीपणाबद्दल डॉक्टरांवरही कारवाई झाली. पोलिसांची संख्या कमी पडली, असं यातलं काहीच सांगत नाही. साक्ष देणाऱ्या दोन बायकांचं रक्षण हे काम कोणाच्या यादीतच नव्हतं.

शिक्षेबद्दलही असाच गैरसमज आहे. भंडाऱ्याच्या न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली, तेव्हा अनेकांना वाटलं की न्याय झाला. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची कैद ठरवली. पण ज्या गोष्टीसाठी घरातले एकटे वाचलेले भैयालाल भोतमांगे जानेवारी २०१७ मध्ये मरेपर्यंत झगडले, ती दोन्ही न्यायालयांनी मानली नाही: ही हत्या जातीतून झाली. ॲट्रॉसिटी कायदा लागूच झाला नाही. फाशीची मोठी बातमी झाली, आणि चौघांचा जीव का गेला हे सरकारदरबारी नोंदलं गेलं नाही. कठोर शिक्षा आणि न्याय यांच्यातलं हे अंतर मला या प्रकरणातलं सगळ्यात दुखरं वाटतं.

पोलीस ठाण्यात पोचलं की बाई सुरक्षित, हाही तसाच समज. ऑगस्ट २०२२ मध्ये अत्याचार झालेली एक बाई लाखनी पोलिसांकडे पोचली होती. तिथून ती बाहेर पडली आणि पुन्हा तिच्यावर अत्याचार झाला. पोलिसांना निलंबित करावं लागलं. त्या रात्री तिला वर्दीपेक्षा जास्त गरज होती ती डॉक्टरची, झोपायला सुरक्षित खोलीची आणि जवळ बसून राहणाऱ्या बाईची.

मग गावातच मिटवावं का? १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना. ग्रामसभेने समिती निवडायची, बांधाचे, पाण्याचे, भावकीचे तंटे सामोपचाराने सोडवायचे, गावाला लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. बांधावरच्या भांडणासाठी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं, यात शंका नाही. पण बक्षीस तंटा नसण्याला आहे, आणि तंटा नसणं दोन प्रकारे होतं: सोडवून किंवा तक्रार दाबून. खैरलांजीसारख्या गावात, जिथे दलितांची घरं मोजकीच, तिथे समिती कोणाची असेल? १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवून हरलेल्या बाबासाहेबांनी त्याच्या सहा वर्षं आधीच संविधान सभेत गावगाड्याच्या कौतुकाला सडेतोड उत्तर दिलं होतं. जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकली, दंड घेतले, बायकांच्या परीक्षा घेतल्या, म्हणूनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ पासून लागू आहे. तेव्हा ‘समाज सांभाळेल’ म्हणणाऱ्याने आधी सांगावं की त्या समाजात सगळ्यात कमजोर माणूस कोण, आणि त्याला ‘मला हा निवाडा मान्य नाही’ असं म्हणून बाहेर पडता येतं का.

या कसोटीवर टिकलेले पर्याय आपल्याकडे आहेत, आणि ते फारसे सांगितले जात नाहीत. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. १९८८ नंतर तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, हिंदू-मुस्लिम शेजाऱ्यांना नियमित समोरासमोर बसवलं. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष चालवला. छळ झालेल्या बाईशी तिथे आधी समाजकार्यकर्ती बोलते, आणि गुन्हा नोंदवायचा की नाही, हे बाईने ठरवायचं असतं. पुढे हे कक्ष राज्यभर गेले. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानाच्या काळात, १९३९ मध्ये, भिंतीविना तुरुंग सुरू झाला. कैदी तिथे कुटुंबासह राहून शेती करतात. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. विदर्भात मोर्शीलाही खुलं कारागृह आहे. हे सगळे प्रयोग सरकारी चौकटीतलेच, पण प्रत्येकाने पोलिसाच्या किंवा भिंतीच्या हातातलं थोडं काम काढून दुसऱ्या कोणाकडे दिलं. तुरुंग आणि पोलीस नकोत म्हणणारे निर्मूलनवादी लोक जे मागतात ते बहुतांशी हेच असतं. अमेरिकेत युजीन शहरात १९८९ पासून तीन दशकांहून अधिक काळ मानसिक त्रासातल्या माणसाच्या हाकेला बंदूकवाल्याऐवजी परिचारक आणि समुपदेशक जात होते.

भारतीय न्याय संहितेने १ जुलै २०२४ पासून समाजसेवा ही शिक्षा म्हणून पहिल्यांदाच आणली आहे. पाच हजार रुपयांच्या आतली पहिली चोरी किंवा दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी केलेला धिंगाणा अशा मोजक्या गुन्ह्यांसाठीच ती आहे. ही शिक्षा भंडाऱ्यात राबवायची तर दवाखाना, शाळा, ग्रामपंचायत यांनी काम द्यायला हवं, आणि ते काम देताना माणसाची जात बघून झाडू हातात दिला जात नाही ना, यावर कोणीतरी लक्ष ठेवायला हवं. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून कलम १५ अ आहे. साक्षीदार आणि पीडित यांना संरक्षण, प्रवासखर्च आणि गरज पडल्यास दुसरीकडे राहण्याची सोय देणं त्याने सरकारवर बंधनकारक केलं आहे. साकोलीपासून तुमसरपर्यंतच्या प्रत्येक ग्रामसभेत हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं, आणि गावात अशी तक्रार झाल्यावर पहिल्या रात्री तक्रारदाराच्या घरी कोण थांबणार, त्यांची नावं आधीच लिहून ठेवावीत.