स्लाइडच्या कडेवरील अक्षरे

कपाटातून निघालेल्या जुन्या रंगीत स्लाइड स्कॅनिंगसाठी देण्यापूर्वी ती फिल्म कोणती, हे ठरविणे अगत्याचे असते. चौकटीवरील छापील नावावर विसंबून चालत नाही. स्लाइड पुढे केव्हा तरी दुसऱ्या चौकटीत बसविलेली असू शकते. खरी ओळख चौकटीखाली झाकलेल्या फिल्मच्या कडेवर असते. तेथे ‘एक्टाक्रोम’ अथवा पूर्व जर्मनीतील वोल्फेनच्या कारखान्याचे, १९६४ पासून प्रचारात आलेले, ‘ऑर्वो’ असे नाव वाचता येते. उघडलेली चौकट मात्र टाकून देऊ नये. तिच्यावर पेनने लिहिलेले गाव आणि साल हीच पुष्कळदा त्या चित्राची एकमेव नोंद असते.

कोडाक्रोम ओळखण्यास कडेचीही गरज भासत नाही. १९३५ साली आलेल्या या फिल्ममध्ये रंग निर्माण करणारी द्रव्ये मुळात नसत. ती धुलाईच्या वेळी थरांत मिसळली जात. स्लाइडची कमी चकाकणारी बाजू प्रकाशात तिरपी धरली, की चित्राचा सूक्ष्म उठाव दिसतो. अंधारात ठेवलेल्या कोडाक्रोमचे रंग विलक्षण टिकतात. तिच्या काळातील अनेक एक्टाक्रोम स्लाइड मात्र तांबूस झाल्या आहेत. प्रोजेक्टरच्या प्रकाशात कोडाक्रोमच अधिक लवकर फिकी पडते. घरात वारंवार दाखविलेली, सर्वांची लाडकी स्लाइड म्हणूनच सर्वांत निस्तेज आढळते!

स्कॅनिंगमध्ये हा भेद महत्त्वाचा ठरतो. अनेक स्कॅनर अवरक्त किरणांच्या साहाय्याने धूळ व ओरखडे शोधून पुसतात. बहुतेक फिल्मचे रंग हे किरण आरपार जाऊ देतात. कोडाक्रोम ते काही अंशी अडविते. यंत्र मग साडीचा काठ वा पापणीची रेघ धूळ समजून पुसू लागते. अशा वेळी ही सोय बंद ठेवून धूळ हवेच्या फुग्याने उडविणे, निळसर झाक उतरविण्यासाठी कोडाक्रोमची स्वतंत्र मांडणी निवडणे आणि आधी एकाच स्लाइडवर प्रयोग करणे हितावह. ४,००० डीपीआयला ३५ मिमीच्या चौकटीतून सुमारे २१ मेगापिक्सेलचे चित्र मिळते. घरगुती उपयोगास ते पुरेसे आहे.

डबीत न धुतलेला कोडाक्रोमचा रोल सापडला, तर गोष्ट निराळी. कॅन्ससमधील पार्सन्स येथील ड्वेन्स फोटो या अखेरच्या प्रयोगशाळेने ३० डिसेंबर २०१० पर्यंतच असे रोल स्वीकारले. आता व्यावसायिक प्रयोगशाळेकडून त्यातून कृष्णधवल चित्रेच मिळू शकतात.