दिवाणखान्यातली समुद्रबाग

आरंभी एका चुकीची कबुली देतो. माझे एक जुने रुग्ण आहेत. वय ७४, मूळचे मालवणचे, निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्यात आलेले. त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर एक जांभळट गाठ उठली. ठणका नाही, ताप नाही. मी प्रथम नेहमीचे प्रतिजैविक दिले, नंतर बुरशीवरचे मलम दिले, आणि तरीही गाठ जाईना तेव्हा दोष मधुमेहाच्या माथी मारला. दोन महिन्यांनी मनगटाच्या दिशेने दुसरी गाठ आली. त्या दिवशी सोबत आलेल्या सूनबाई सहज म्हणाल्या, "डॉक्टर, बाबा रोज फिश टँकमध्ये हात घालतात. त्यानं तर नसेल?" जवळजवळ तीस वर्षांच्या व्यवसायात "घरी मासे आहेत का?" हा प्रश्न मी कोणालाही विचारला नव्हता. गाठीचा तुकडा तपासणीस पाठवला. निदान आले मायकोबॅक्टेरियम मरायनम. क्षयाच्या जंतूचा हा पाण्यात राहणारा भाऊबंद. बारीकशा ओरखड्यातून शिरतो आणि नेहमीच्या प्रतिजैविकांना सहसा दाद देत नाही. औषधे पाच महिने चालली.

काका बरे झाले. टाकी काढून टाका, असे मी सांगेन अशी घरच्यांची अपेक्षा होती. मी तसे सांगितले नाही, कारण ती टाकी मी पाहिली होती. काकूंच्या निधनानंतर दोन वर्षे हा माणूस खिडकीशी नुसता बसून असे. जेवणासाठी चार हाका माराव्या लागत. नातवाने हट्टाने खाऱ्या पाण्याची टाकी आणली, आणि काका सकाळी उठल्याबरोबर चष्मा शोधू लागले. एका माणसावरून नियम बांधू नये, हे मलाही कळते. पण अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्झायमर झालेल्या ६२ वृद्धांच्या भोजनगृहांत मत्स्यपेट्या ठेवल्या होत्या. त्या वृद्धांचे खाणे सुमारे एक-पंचमांशाने वाढले, वजनही थोडे वाढले. (रक्तदाबाची गोळी मात्र मासे पाहून बंद करू नका.)

काकांच्या टाकीत मासे दोनच आहेत. बाकी सारी बाग आहे, समुद्रशैवालाची. प्रवाळांची टाकी चित्रफितींत मोहक दिसते. परंतु आपल्याकडे कठीण प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे आणि ते घरी बाळगणे गुन्हा ठरतो. शैवालाची बाग अधिक सोपी, आणि माझ्या मते अधिक देखणी. शिवाय ती स्वतः काम करते. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. सूक्ष्मजंतू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नुसत्या माशांच्या टाकीत हे नायट्रेट साचत जाते. इथे ते शैवालाचे खत होते. वाढलेले शैवाल कापून बाहेर काढले की तितकी घाण टाकीबाहेर गेली.

नवख्याने कीटोमॉर्फापासून आरंभ करावा. भांडी घासायच्या हिरव्या घासणीसारखे हे गुंतवळ सहजासहजी मरत नाही. जोडीला तांबूस ग्रासिलारिया. खिरीत-पुडिंगमध्ये घालतो ते चायना ग्रास याच कुळातील शैवालांपासून निघते. (म्हणून टाकीतले खायचे नाही!) कॉलर्पा सर्वांत सुंदर, द्राक्षांच्या घोसासारखी किंवा पिसासारखी, आणि आश्चर्य असे की तिचा हातभर पसरलेला वेल म्हणजे अनेक केंद्रके असलेली एकच पेशी असते. पण ती कधी कधी एका रात्रीत आपले सारे पेशीद्रव्य पाण्यात सोडून पांढरी पडते. पाणी दुधाळ होते, प्राणवायू घटतो आणि सकाळी मासे मेलेले आढळतात. नुकतेच कोणी गमावलेल्या माणसाला ही सकाळ दाखवू नये. कॉलर्पा पहिल्या वर्षी नकोच.

टाकी ६० लिटरच्या आसपासची असावी. याहून लहान टाकीत उष्णता आणि क्षार फार लवकर बदलतात. वाळू-दगडांसह भरलेली टाकी ८० किलोंच्या घरात जाते, म्हणून स्टँड भक्कम हवा, आणि उंची अशी की खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पाणी यावे. स्टुलावर चढून टाकीत डोकावणारे आजोबा म्हणजे मोडलेल्या खुब्याची पूर्वतयारी. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्री टाकीसाठी मिळणारे मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम या प्रमाणात, आरओच्या पाण्यात, बादलीत आदल्या दिवशी विरघळवून ठेवायचे. ज्यांना मी जन्मभर मीठ कमी करा म्हणून बजावले, त्यांच्याच घरात आता मिठाची पिशवी आहे! क्षारमापकावर विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या जवळपास हवे. पाणी २४ ते २७ अंश सेल्सिअस ठेवावे. एप्रिल-मेमध्ये पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. दिवा आठ-दहा तास, टायमरवर. मग चार ते सहा आठवडे थांबायचे. या काळात जंतूंची वसाहत बसते. नायट्राइट शून्यावर आल्याशिवाय मासा आणायचा नाही. क्लाउनफिशची जोडी आणि चार गोगलगायी पुरेत. सर्जन मासे नकोत, ते बाग चरून टाकतात.

कामांची वाटणी सुरुवातीलाच करा. बादल्या उचलणे, पंप धुणे, पाणी बदलणे ही कामे तरुणांची. दहा लिटरची बादली दहा किलोंहून जड असते, आणि ठिसूळ हाडांच्या कण्याला तेवढे पुरते. ज्येष्ठांकडे रोजचे काम द्या. टाकीतले पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई नेहमी बिनमिठाच्या पाण्याने करायची. काचेवर रंगीत पट्टी चिकटवा. रोज सकाळी पाणी पट्टीपर्यंत आणायचे, एक-दोन तांब्यांचे काम. ते चुकले तर दोन दिवसांत पाणी अधिक खारट होते. म्हणजे काम खरे आहे, मन रमवायला दिलेले खोटे नाही. आणि म्हाताऱ्या माणसाला हा फरक बरोबर कळतो.

हात घालण्यापूर्वी विजेची बटणे बंद. वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळलेले थेंब तिथेच गळतात. आणि घराला ईएलसीबी असलाच पाहिजे. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका. चाचणीसंचातील काही बाटल्यांत तीव्र आम्ल वा अल्कली असते. स्मृतिभ्रंश असलेल्या घरात त्या कुलपातच ठेवा. मधुमेही, स्टेरॉइड घेणारे, कर्करोगाचे उपचार चालू असलेले यांनी पाण्यात हात घालूच नये. इतरांनी कोपरापर्यंतचे रबरी मोजे घालावेत, कापले असल्यास दूर राहावे, नंतर साबणाने हात धुवावेत, आणि तेही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये नव्हे. आठवड्यांनी हळूहळू उठणारी गाठ दिसली तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी टाकीचा उल्लेख करा. खाऱ्या पाण्याच्या संपर्कानंतर काही तासांत लाली पसरली, फोड आले, ताप चढला तर मात्र उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. व्हिब्रिओ जातीचे काही जंतू फार वेगाने पसरतात.

कापलेले शैवाल नाल्यात किंवा खाडीत टाकू नका. १९८४ साली मोनाकोच्या किनाऱ्याजवळ कॉलर्पाची एक जात मत्स्यालयातून भूमध्य समुद्रात पोहोचली आणि पुढे तिने तळाचे मोठमोठे पट्टे व्यापले. कापलेले उन्हात वाळवून कचऱ्यात द्यावे.

काका आता लांब प्लॅस्टिकच्या चिमट्याने छाटणी करतात. परवा तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, चिमट्यात हाताची मजा नाही." मी त्यांचा हात उलटसुलट पाहिला, साखर मोजली आणि चिमटाच चालू ठेवायला सांगितला.