वेगाची किंमत

ओहोटी लागली की रायगडच्या किनाऱ्यावर ओल्या, घट्ट वाळूचा विस्तीर्ण पट्टा उघडा पडतो. अलिबाग-मुरूड परिसरातील गावांत याच वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती भरत आल्या आहेत. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. काठी, चाबूक व विजेचा धक्का यांना नियमांत मज्जाव आहे. तरीही जीवदयेचा संस्कार असलेल्या घरात एक प्रश्न उरतोच : वेगाचा आनंद माणसाने घ्यायचा, पण त्याची किंमत कोणी मोजायची?

पडद्यावरील शर्यतीत मुके जनावर नसते. किंमतीचा प्रश्न मात्र तेथेही सुटत नाही. भविष्यकाळातील शर्यतींवर रचलेल्या ‘एफ-झिरो’ या जपानी खेळमालिकेने त्याला दिलेले उत्तर व्यापारी कुटुंबांना विशेष जवळचे वाटेल.

ही मालिका काढणारी निन्टेंडो कंपनी क्योटो शहरातील. फुसाजिरो यामाउची यांनी १८८९ मध्ये पत्ते बनवण्याच्या धंद्याने तिचा पाया घातला आणि त्यांचे पणतू हिरोशी यांनी १९४९ ते २००२ या काळात तिची धुरा वाहिली. २१ नोव्हेंबर १९९० रोजी कंपनीचे ‘सुपर फॅमिकॉम’ हे यंत्र जपानच्या बाजारात आले, त्याच दिवशी पहिला ‘एफ-झिरो’ही आला. काळ सव्विसाव्या शतकाचा, वाहने चार, चाक एकालाही नाही. सारी जमिनीपासून अधांतरी धावणारी. ‘मोड सेव्हन’ या तंत्राने सपाट चित्र फिरवून व लहान-मोठे करून असा भास निर्माण केला होता, की रस्ता खेळाडूच्या अंगावर धावून येतो आहे असे वाटे.

या खेळाचे मर्म पडद्यावरील शक्तीच्या पट्टीत आहे. कठड्याला धडक बसली की पट्टी घटते. ती शून्यावर असताना आणखी एक आघात झाला की वाहन नष्ट होते. ठरावीक जागेवरून गेल्यास ती थोडी भरून निघते. पहिल्या खेळात एक फेरी पूर्ण केली की एकदा अतिवेग घेण्याची मुभा मिळे. तो वेग जणू बक्षीस होता. त्यासाठी पदरचे काही मोडावे लागत नसे.

हा खेळ एकट्यानेच खेळायचा होता. दोघांना एकत्र खेळता येईल अशी शर्यत करू पाहताना १९९२ चा ‘सुपर मारिओ कार्ट’ जन्मला, आणि पुढे हा धाकटा भाऊ बाजारात थोरल्याच्या कितीतरी पुढे निघून गेला.

१९९८ मध्ये ‘एफ-झिरो एक्स’ आला. तीस वाहने एकाच वेळी धावू लागली, चित्र सेकंदाला साठ वेळा बदलू लागले. त्याहून मोठा बदल नियमात होता. दुसऱ्या फेरीपासून अतिवेग हवा तेव्हा घेता येई. मात्र तो त्याच शक्तीच्या पट्टीतून वजा होई. ज्या पुंजीवर वाहनाचा जीव, तीच पुंजी वेगासाठी खर्च करायची. पेढीच्या भाषेत सांगायचे तर व्याजावर नव्हे, मुद्दलावर हात टाकायचा. किती खर्चावे आणि शेवटच्या वळणासाठी किती राखावे, हा हिशेब ज्याला जमला तोच जिंकतो. हा खेळ सर्वस्वी अहिंसक आहे, असेही नाही. प्रतिस्पर्ध्याच्या वाहनाला धडक देऊन ते नष्ट करण्याची सोय त्यात आहे, हे पालकांनी जाणून असावे.

२००३ मधील ‘एफ-झिरो जीएक्स’ घडवला तो सेगाने. ही कंपनी एके काळी निन्टेंडोची कट्टर स्पर्धक. २००१ मध्ये तिने स्वतःची खेळयंत्रे बनवणे थांबवले आणि दोन वर्षांत जुन्या प्रतिस्पर्ध्यासाठी शर्यत रचली. तोशिहिरो नागोशी यांच्या चमूने केलेल्या या खेळात वेगाचा आकडा ताशी हजार किलोमीटरच्या पुढे जातो, आणि चूक सहसा माफ होत नाही.

२००४ च्या ‘एफ-झिरो क्लायमॅक्स’नंतर मालिका थांबली. तिचा नायक कॅप्टन फाल्कन इतर खेळांतून झळकत राहिला, पण नवी शर्यत निघाली नाही. तब्बल एकोणीस वर्षांनी, १४ सप्टेंबर २०२३ रोजी, ‘एफ-झिरो ९९’ आला. नव्व्याण्णव जण जाळ्यावरून एकत्र खेळतात, आरंभीचे रस्ते १९९० च्या खेळाचेच. पण मुख्य शर्यतीत अतिवेगाचा नियम मात्र १९९८ चा.

या मालिकेतून टिकून राहिले ते हेच : वेग ज्याला हवा, त्यानेच तो आपल्या पुंजीतून विकत घ्यावा. पडद्यावरची पुंजी पुढच्या डावात पुन्हा पूर्ण भरते. खेळणाऱ्याची झोप, डोळे आणि अभ्यासाचे तास मात्र तसे भरून येत नाहीत. तेव्हा मूल खेळायला बसले की वडीलधाऱ्यांनी घटकाभर शेजारी बसून त्याला ती पट्टी समजावून सांगायला लावावे. जमाखर्चाचा पहिला धडा कदाचित तेथेच गिरवला जाईल, आणि खेळ केव्हा थांबवायचा हेही त्याच हिशेबातून ठरवता येईल.